माइकाची नियत

माझा आवाज कसा आहे हे मला वयाच्या साठाव्या वर्षी कळलं, आणि तेही दुसऱ्याच्या वहीतून. तीस वर्षं मी वाशीमकडच्या मालेगावच्या शाळेत मराठी शिकवलं. एवढ्या काळात एकाही मुख्याध्यापकाने किंवा तपासणीला आलेल्या साहेबाने माझ्या आवाजाबद्दल ब्र काढला नव्हता. श्रावणभाऊंच्या दोनशे पानी वहीत मात्र स्वच्छ लिहिलेलं होतं : ‘बाई. आवाज मऊ, ऐकायला बरा. पण वाक्याच्या शेवटी विझतो. शेवटचा शब्द स्वतःच खाऊन टाकतात.’ मला मनापासून राग आला. घरी जाऊन दार लावून घेतलं आणि मोठ्याने एक परिच्छेद वाचून पाहिला. शेवटचा शब्द खरंच खाल्ला होता.

श्रावण इंगोले आमच्या शाळेत प्रयोगशाळा परिचर होते. सगळे त्यांना भाऊ म्हणत. काडीसारखा देह, पायजम्यावर पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं आणि एक पेचकस. बोलणं कमी. कोणी बोलत असलं की डोळे मिटून, तोंड थोडंसं उघडं ठेवून ऐकायचे. नवीन शिक्षकांना वाटायचं, माणूस झोपला. विचारलं तर म्हणत, “तोंड बंद केलं की कान अर्धे बंद होतात. पाहा करून.” आम्ही स्टाफरूममध्ये सगळ्यांनी करून पाहिलं होतं, आणि तेवढ्यात मुख्याध्यापक आत आले होते. सात मास्तर-मास्तरणी डोळे मिटून, आ वासून बसलेल्या पाहून ते आल्या पावली परत गेले.

कान मात्र खरोखर अजब होता. परीक्षानळ्या धुऊन झाल्या की एकेक नळी नखाने टिचकावून बघायचे आणि तडा गेलेली अचूक बाजूला काढायचे. डोळ्याला तो तडा दिसतसुद्धा नसे. आठवडी बाजारात माठ घ्यायचा तर बायका आपल्या कुंभाराला सोडून भाऊंना शोधायच्या. भाऊ माठावर बोट वाजवणार, मान हलवणार, दुसरा घेणार. कुंभार कुरकुरायचा, पण वाद घालायचा नाही.

शाळेचा माइक अर्थातच त्यांच्या ताब्यात. एका पंधरा ऑगस्टला आलेले पुढारी माइकच्या इतके जवळ गेले की तो तोंडात घालतात की काय असं वाटावं. भाषणाला रंग चढला तसा भोंगा किंचाळू लागला. भाऊ सरळ मंचावर चढले, पाहुण्यांचं तोंड आणि माइक यांच्यामध्ये आपला पंजा पसरून धरला, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत एक वीत, आणि हळूच म्हणाले, “साहेब, एवढ्यावरून बोला. ते खाची वस्तू नाही.” हळूच म्हणाले, पण माइक चालू होता. पोरं पुढचा आठवडाभर डबा उघडला की एकमेकांना वीत दाखवत होती.

ते माझ्या आधी दोन वर्षं निवृत्त झाले. निवृत्तीनंतर माणसं देवाधर्माला लागतात किंवा प्लॉटच्या भानगडीत पडतात. भाऊ माइकला लागले, आणि त्याला थोडंफार मीच कारण होते.

करोनात शाळा बंद होत्या त्या काळात मला वाटलं, आपण घरबसल्या गोष्टी वाचून रेकॉर्ड कराव्यात आणि पोरांच्या फोनवर पाठवाव्यात. पुण्याच्या भाच्याने एक नामांकित, महागडा माइक मागवून दिला. तो लावला, गोष्ट वाचली, आणि ऐकते तर काय! माझ्या राजाच्या दरबारात वाशीमची एसटी हॉर्न वाजवत शिरली. प्रधानाच्या तोंडून शेजारच्या कुकरची शिट्टी निघाली. राणी रडते त्या ठिकाणी कोणी तरी ‘भंगारऽऽ’ असं ओरडत गेला. मी भाऊंना बोलावलं. त्यांनी ते सगळं डोळे मिटून ऐकलं, मग उठून खिडकी पाहिली, भिंतींवर बोटं वाजवली, रस्ता पाहिला.

“बाई, माइक चांगला हाय. घर खराब हाय.”

“म्हणजे आता घर बदलू का?”

“माइक बदला. हा लै हुशार हाय, याले दूरदूरचं आयकू येते. तुमाले कायले पायजे हुशार? तुमाले मठ्ठ पायजे. समोरचंच आयकनारा.”

आठ दिवसांनी ते एक माइक घेऊन आले. कंपनीचं नाव कधी कोणी ऐकलेलं नाही, किंमत भाच्याच्या माइकच्या आठव्या हिश्श्याची. दिसायला वरवंट्यासारखा जाडजूड. त्याच्या तोंडाशी तोंड नेऊन मी तीच गोष्ट वाचली. एसटी गेली, कुकर गेला, भंगारवाला गेला. राहिला माझा आवाज, शेवटचा शब्द गिळणारा. भाच्याला हे सांगितलं तेव्हा तो चार दिवस फोनवर फुगून बसला होता.

तिथून हे सुरू झालं. हल्ली गावोगाव प्रत्येकाला काही ना काही रेकॉर्ड करायचंच असतं. कोणी कढी-गोळ्यांची कृती सांगतं, कोणी तुरीवरच्या अळीचं औषध, कोणी भजनं, कोणी भीमगीतं. सगळ्यांची अडचण एकच : नावाजलेला माइक परवडत नाही, आणि स्वस्तातले इतके आहेत की कोणता घ्यावा कळत नाही. फोनवर पाहावं तर प्रत्येक जण आपल्याच मालाची तारीफ करतो. मग लोक म्हणायचे, इंगोले भाऊला विचारा. भाऊ स्वतःच्या पेन्शनीतून असले अनोळखी माइक मागवायचे, तपासायचे, नापास झाला की परत पाठवायचे. त्यांच्या गल्लीत कुरिअरवाला पोस्टमनपेक्षा जास्त वेळा दिसे. डब्यावरच्या चकचकीत चित्रांचा त्यांना राग होता. “डब्बा पाहून माइक घेनं म्हनजे शिंगं पाहून बैल घेनं,” असं म्हणून ते आधी डबा पलंगाखाली ढकलत, आणि मगच माइक हातात घेत.

तपासायची पद्धत ठरलेली. ‘हॅलो, चेक’ म्हणणाऱ्यांची त्यांना कीव यायची. त्यांनी स्वतः एक वाक्य बनवलं होतं : ‘फाटकापाशी भागाबाईची बकरी सोसायटीची सरकी खाते.’ फ, प आणि भ यांनी माइकवर फुंकर बसते की नाही ते कळतं, सोसायटीच्या सरकीने तो साप होतो का ते कळतं, आणि खाते म्हटल्यावर घसा कसा येतो ते कळतं, असं ते समजावून सांगत. प्रत्येक माइकसमोर एक वीत अंतर, तेच वाक्य, तोच सूर. फुंकर अडवायला त्यांच्या बायकोच्या, म्हणजे वहिनींच्या, पिठाच्या चाळणीवर जुन्या धोतराचा तुकडा ताणून बांधलेला. गंगावहिनींना पोळ्या करायच्या वेळी चाळणी कधी जागेवर सापडली नाही.

वाक्य झालं की शेवटची आणि खरी परीक्षा. माइक चालू ठेवून एक मिनिट कोणीच काही बोलायचं नाही. श्वाससुद्धा तोंड फिरवून. मग ते मौन कानाला लावून पूर्ण मिनिटभर ऐकायचं. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा हसले होते.

“हासू नका, बाई. बोलतानी तं कोनीबी चांगलंच वाटते. मानूस चुप बसला का त्याची नियत कयते. माइकाचंबी तसंच हाय.”

आणि हे सगळं चालायचं कापसाच्या खोलीत. भाऊंचं चार एकर वावर होतं. दिवाळीनंतर वेचणी झाली की भाव येईपर्यंत कापूस घराच्या पुढच्या खोलीत भरून ठेवत, तीन भिंतींना छातीपर्यंत. त्या खोलीत पाऊल टाकलं की बाहेरचं जग कोणीतरी दार लावून बंद केल्यासारखं व्हायचं. आपलाच आवाज अगदी जवळून, कोरडा, स्वच्छ ऐकू यायचा. शहरातले लोक असल्या खोलीसाठी भिंतींना कसलेकसले स्पंज लावतात म्हणे. भाऊंची खोली दरवर्षी वावरातून उगवून यायची आणि भाव चढला की ट्रॅक्टरमध्ये बसून जिनिंगला निघून जायची. त्यामुळे तालुक्यातलं सगळं चांगलं रेकॉर्डिंग कार्तिक ते माघ या दिवसांतच व्हायचं.

एकच खोट होती. साठवलेल्या कापसात बारीक किडे होतात आणि अंगाला भयंकर खाज सुटते. एकदा शेलूबाजारचं भजनी मंडळ आलं होतं. बुवांनी सूर लावला, टाळ वाजू लागले, आणि दुसऱ्या कडव्याला मागचे दोघे टाळ सोडून पाठ खाजवायला लागले. बुवा तर एका हाताने ताल धरून दुसऱ्या हाताने मांडी खाजवत देवाला आळवत होते. इतकं कळवळून भजन मी आजवर ऐकलेलं नाही. दारात उभ्या गंगावहिनी पदर तोंडाला लावून म्हणाल्या, “अवं, कापूस इकाचा हाय का त्याच्यात गानेच म्हनाचे हायेत? भाव उतरून राह्यला अन् याइचं आपलं आयकनंच चालू हाय.” भाऊ म्हणाले, “एक डाव आनखी घेऊ. खाजवल्याचा आवाज आला.”

भाऊंनी पास केला म्हणजे झालं, असं सगळ्यांनी धरलं होतं. माणसाला आयुष्यात एक गोष्ट अशी हवी असते की जिच्यावर लोक डोळे झाकून विश्वास ठेवतात. भाऊंजवळ घर होतं साधं, पद होतं परिचराचं, शिक्षण दहावी. त्यांच्याजवळ शब्द होता. हा माइक साफ आहे, असं त्यांनी म्हटलं की तो साफ. ते जपायला ते एकेक माइक पंधरा-पंधरा वेळा ऐकत.

मग तो काळा माइक आला. डब्यावर नावच नव्हतं, नुसता खाकी पुठ्ठा. पौषातली सकाळ होती. मी सहज गेले होते. भाऊ कापसाला टेकून बसले होते आणि चेहरा असा, की नातू झाला असावा.

“बाई, या. जलमभर असा माइक पाह्यला नाही. इतका स्वस्त, अन् चुप पाहा किती.”

त्यांनी स्वतःच्या कानांवरचा हेडफोन काढून माझ्या कानांवर बसवला आणि ते मौनाचं मिनिट लावलं. “आयका. काईच नाही.”

मी ऐकलं. सूंऽऽ असा एक बारीक आवाज येत होता. सतत, एकसारखा, ट्यूबलाइट बिघडली की येतो तसा. मला वाटलं हेडफोनचा असेल. तो थोडा हलवला. आवाज तिथेच. मी भाऊंकडे पाहिलं. ते माझ्याकडे बघत होते, तोंड थोडं उघडं, डोळे लहान मुलासारखे. मिनिट संपलं.

“हाये काई?”

“काहीच नाही,” मी म्हणाले.

का म्हणाले? आज इतक्या दिवसांनी मी बरीच कारणं देऊ शकते. वाटलं, कान त्यांचा आहे, चूक माझीच असेल. वाटलं, एवढ्याशा आवाजाने काय होतं. पण खरं कारण एवढंच, की त्यांचा तो चेहरा मला उतरवायचा नव्हता. भाऊंनी वही उघडली आणि ठसठशीत अक्षरात लिहिलं : ‘पास. एकदम चुप.’

त्या वर्षी सात जणांनी तो माइक घेतला. पुढे जे झालं ते आमच्याकडेच होऊ शकतं. सातही घरांत तो सूं आवाज ऐकू आला, आणि सातही घरांत कोणी माइकवर संशय घेतला नाही. एकाने फोन बदलला. दोघांनी वायरी बदलल्या. प्रतिभा नावाची माझी जुनी विद्यार्थिनी आरोग्य उपकेंद्रात नर्स आहे, गळा फार गोड. जयंतीसाठी ती दरवर्षी भीमगीतं म्हणते, त्या वर्षी पहिल्यांदाच रेकॉर्ड करणार होती. तिने तर वायरमन बोलावून घराचं अर्थिंग नव्याने करून घेतलं. मी तिच्या घरी गेले तेव्हा अंगणात खड्डा, त्यात मीठ आणि कोळसा टाकणं चालू.

“प्रतिभा, अगं माइकच तर खराब नसेल?” मी चाचरत विचारलं.

“काय बोलता, बाई! भाऊनं पास केलेला हाय. त्याच्यात कायची खोट राहीन? आमच्याच घरात हाय काईतरी.”

मी गप्प बसले. दुसऱ्यांदा.

जयंती झाली. प्रतिभाची गाणी सूं आवाजासकट फोनोफोनी फिरली. लोकांनी वाहवा केली, आवाजाचं कोणी बोललं नाही. वैशाखातल्या एका दुपारी भाऊ माझ्या दारात उभे राहिले. मोपेड उन्हातच लावलेली. आत आले, खुर्चीवर बसले, पाण्याच्या पेल्याला हात लावला नाही.

ते शेलूबाजारहून येत होते. बुवांच्या घरी सहज डोकावले होते. बुवा भोळेपणाने म्हणाले, “भाऊ, माइक एकदम बेस हाय. पन आमच्या घरात रातकिडे लै झाले. दिवसाबी वराडतात. दोनदा फवारा मारला.” भाऊंनी विचारलं, कुठे आहेत रातकिडे? वैशाखाच्या भर दुपारी कुठले रातकिडे? बुवांनी रेकॉर्डिंग लावलं. भाऊंनी ऐकलं. त्यांना भजन ऐकू आलं, टाळ ऐकू आले, रातकिडा नाही. त्यांनी बुवांना हेडफोन दिला, बुवांच्या बायकोला दिला, सुनेला दिला. तिघांनीही मान हलवली, आहे म्हणून. शेवटी सुनेचं सहा वर्षांचं पोर कानाला लावून म्हणालं, “हौ, सूंऽऽ करते.” भाऊंनी पुन्हा लावून पाहिलं. काहीच नाही.

हे सगळं त्यांनी खाली बघत सांगितलं. मग वर पाहिलं.

“बाई, पुसाच्या महिन्यात तुमी आल्या होत्या. तुमाले आयकू आलं होतं का?”

मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिले. मग म्हणाले, “हो.”

“मंग काहून नाही सांगतलं?”

“तुम्हाला वाईट वाटेल म्हणून, भाऊ.”

 भाऊ रागावले असते तर बरं झालं असतं. ते अगदी शांतपणे म्हणाले, “इतके वर्सं तुमी पोरायचे पेपर तपासले. पोरगं रडन म्हनून चुकीच्या उत्तरावर कधी बरोबरची खून केली का?”

“नाही.”

“मंग मलेच काहून?”

ते उठले, मोपेड चालू केली आणि गेले. पाण्याचा पेला संध्याकाळपर्यंत तसाच भरलेला होता. 

अकोल्याच्या डॉक्टरने कान तपासले. वयाने बारीक आवाज गेले होते, जाडे शाबूत होते. भाऊंनी त्याचं भाषांतर करून मला सांगितलं, “पाखरं गेली, बाई. म्हशी हायेत अजून.” मग म्हणाले, “मले वाटे, गावातल्या चिमन्याच कमी झाल्या.” हे सांगतानाही ते हसत होते. मला मात्र हसू आलं नाही.

डॉक्टरने कानात घालायचं यंत्र दिलं. दुसऱ्याच दिवशी भाऊंनी ते चिमटीत धरून मला दाखवलं. “याच्यातबी माइकच हाय, हरभऱ्याएवढा.” मग रीतसर त्याची परीक्षा घेतली. बकरीचं वाक्य झालं, मौनाचं मिनिट झालं. वहीत शेरा : ‘नापास. भांडी जास्त, माणसं कमी. परत घेत नाहीत.’ तरी जेवताना ते घालायचे, कारण वहिनी ताटावर बसूनच काय ते बोलत. एरवी ते यंत्र शर्टाच्या खिशात पेनांबरोबर असायचं.

आता दुसरा कोणी असता तर त्याने वही बासनात बांधली असती. लोकांनीही काही म्हटलं नसतं. भाऊंनी काय केलं, तर त्या पावसाळ्यात मोपेडवरून सातही घरं केली. प्रत्येक घरी जाऊन काळा माइक परत घेतला, आपल्याकडचा दुसरा दिला आणि स्वतःच्या तोंडाने सांगितलं, “माइक खराब निंघाला नाही. माहा कान खराब निंघाला.” लोक ऐकून घ्यायला तयार नव्हते. ‘तसं काही नाही भाऊ, आमच्याच घरात गडबड आहे,’ म्हणत. बुवा तर म्हणाले, फवारा मारल्यापासून रातकिडे कमी झालेत. भाऊंना प्रत्येक ठिकाणी आपली चूक भांडून सिद्ध करावी लागली. प्रतिभाच्या घरी ते अंगणातल्या त्या नव्या अर्थिंगकडे कितीतरी वेळ बघत उभे होते, असं तिने मला नंतर सांगितलं. म्हणाले, “दिवाळी होऊ दे. कापूस आला का पुन्हा म्हन. तवर तुह्यासाठी याच्याहून चांगला माइक पाहातो.” प्रतिभा रडली. मग दोघांनी चहा घेतला.

दिवाळीनंतर खोली भरली आणि भाऊंनी मला निरोप पाठवला. मी घाबरतच गेले. ते कापसापुढे बसले होते, समोर गेल्या तीन वर्षांत पास केलेले सगळे माइक ओळीने मांडलेले.

“बसा. आता कान तुमचे, अक्कल माही.”

सगळे माइक पुन्हा तपासायचे होते. वहीत एक नवा रकाना आखला होता : ‘कोणी ऐकलं’. मी ऐकायचं आणि त्यांना सांगायचं. पहिल्याच माइकला मी म्हटलं, “थोडा आवाज येतोय.”

“कसा?”

“म्हणजे... येतोय. मागे.”

“तीस वर्सं मराठी शिकवली तुमी,” ते म्हणाले. “सूं हाय का घूं हाय? चरचर का खरखर? भुरभुर हाय का? पान्याची का पिठाची?” मला लाज वाटली. हजारो पोरांकडून मी पावसावर निबंध लिहून घेतले, आणि मला आवाजासाठी शब्द येत नव्हते. ते मला त्या हिवाळ्यात भाऊंनी शिकवले. पिठाची भुरभुर म्हणजे माइक स्वस्त पण चालेल. घूं म्हणजे वीज. चरचर म्हणजे वायर हलते. आणि सूं म्हणजे काळा माइक.

पण एक गोष्ट ते न चुकता करायचे. मी उत्तर दिलं की हेडफोन दुसऱ्या कोणाला तरी द्यायचे. कधी गंगावहिनींना, कधी शेजारच्या ताईंना, एकदा तर कुरिअरवाल्याला. दुसऱ्याचं उत्तर आलं की मगच पेन टेकवायचे. माझ्याकडे पाहत नसत.  मी म्हटलं ‘काहीच नाही’ की हेडफोन पुढे जायचा. त्याचं मला वाईट वाटायचं आणि वाईट वाटण्याचा हक्क नाही हेही कळायचं. मी मुकाट्याने अंग खाजवत बसून राही.

माघात भाऊंना न्यूमोनिया झाला. वाशीमच्या दवाखान्यात आठ दिवस काढून घरी आले ते निम्मे होऊनच. मी भेटायला गेले त्या दिवशी घरात दुसरं कोणी नव्हतं. वहिनी शेवटच्या वेचणीला वावरात गेल्या होत्या. भाऊंची बाज त्यांनी हट्टाने कापसाच्या खोलीत टाकून घेतली होती. उशाशी एक नवा माइक होता, बोटाएवढा, राखाडी. प्रतिभाच्या गळ्याला साजेसा, एकदम चुप माइक हवा म्हणून सबंध हिवाळा त्यांनी बारा-तेरा माइक नाकारले होते आणि हा शेवटचा. भाव चढला होता. दोन दिवसांत ट्रॅक्टर येणार होता, आणि त्याआधी रविवारी प्रतिभा गायला येणार होती. हा माइक पास झाला नाही तर या वर्षी तिचं रेकॉर्डिंग नाही, आणि पुढच्या वर्षाबद्दल आम्ही दोघांनीही काही बोलायचं टाळलं.

“चुप मिनिट घेऊन ठेवलं सकायी,” ते म्हणाले. दोन शब्दांनंतर दम लागत होता. “आयका.”

मी हेडफोन लावला. डोळे मिटले. कापसाचा वास, किड्यांची खाज, आणि त्या मिनिटात खोलवर कुठेतरी एक धागा. अगदी बारीक. इतका बारीक, की गाणं सुरू झालं की कोणाच्या लक्षातही येणार नाही. मी डोळे उघडले. भाऊ उशीवरून मान उचलून माझ्याकडे बघत होते. मागच्या वर्षी पौषात पाहिलेला तोच चेहरा, फक्त हाडं वर आलेली. देवाशपथ सांगते, ‘काहीच नाही’ हे शब्द माझ्या ओठांपर्यंत आले होते.

“आहे, भाऊ,” मी म्हणाले. “फार बारीक आहे. पण आहे.”

त्यांनी मान उशीवर टेकली. मला वाटलं, संपलं. आणि मग ते हसले. आधी ओठ, मग सगळा चेहरा. हाताने बाजेची कड थोपटली.

“हाये ना? द्या वही.”

मी वही दिली, पेन दिलं. हेडफोन कोणाला द्यायला खोलीत कोणी नव्हतंच, पण त्यांनी दाराकडे पाहिलंही नाही. कोणी ऐकलं, त्या रकान्यात त्यांनी ‘बाई’ लिहिलं.  मग लिहायचं थांबून म्हणाले,

“कसा हाय? सूं का भुरभुर?”

“थांबा,” मी म्हणाले. “पुन्हा ऐकते.”

ते थांबले, पेन वहीवर धरून, तोंड थोडं उघडं ठेवून.